लाकडी मजल्याला पाणी मारल्याबाबत

नाव दयाराम काशिनाथ घरत, वय ५६ वर्षे, धंदा ट्रेलर व क्रेन भाड्याने देणे, राहणार मांडव्याजवळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहतो. आधी मिठागरात गोणी उचलायचो, मग एक जुना टेम्पो घेतला, आता ट्रेलर आणि क्रेन आहे. शिक्षण सातवी. कान चांगले आहेत.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला परेश शहा यांच्या पाहुणेघराचे काम चालू आहे. इमारत दोन मजली, पण सिमेंटचा खांब नाही की स्लॅब नाही. भिंती, मजले, छप्पर सगळे लाकडाचे. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून कारखान्यात जाडजूड पॅनल करतात. ती जहाजाने आली, बंदरातून माझ्या ट्रेलरने आणली आणि माझ्याच क्रेनने बसवली. मी इंजिनिअर मृणाली मॅडमना विचारले, "म्याडम, आग लागली तर?" त्या म्हणाल्या, "वरून कोळसा होतो दयारामभाऊ, आत जाळ पोचायला वेळ लागतो. आणि सिमेंट करताना किती धूर सोडतो आपण! झाड उलट हवेतला कार्बन पोटात धरून बसतं." मी मान हलवली. झाडे तोडून हवा सुधारते कशी, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

जागेवर राखणीला मी सदू म्हात्रे यांना ठेवले. ते आधी होड्या बांधायच्या कामावर होते, नंतर बांधकामावर पाणी मारायला. आमच्याकडे स्लॅब टाकला की सदूदादांना बोलावतात. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी. त्यांनी पाणी मारलेला स्लॅब गळत नाही असे लोक बोलतात.

वरचा मजला बसल्यावर मॅडम आठवडाभर पुण्याला गेल्या. मजल्यावर प्लास्टिक अंथरलेले होते. जाताना त्या सदूदादांना म्हणाल्या, "काका, मी येईपर्यंत याला जपा." हे मी स्वतः ऐकले. पाण्याबद्दल काहीच बोलणे झाले नाही.

ऊन कडक होते. दुपारी मजला कट् कट् वाजायचा, तो मीही ऐकला. सदूदादा म्हणाले, "दया, उकलतंय बघ. होडी वाळूवर सुकली का अशीच बोलते. पाणी पाजल्याबिगर सांधे मिटायचे नाय." त्यांनी प्लास्टिक काढून घडी घालून ठेवले, गोणपाट अंथरले आणि विहिरीवरून पाइप ओढून सकाळ-संध्याकाळ मनापासून पाणी मारले. मी म्हणालो, "म्हातारा, सोताच्या अंगावर तरी येवढं पाणी घेतोस काय?" ते म्हणाले, "तू तुजी क्रेन बघ." मला त्यात वावगे वाटले नाही. स्लॅबला पाणी लागते, होडीला पाणी लागते. आणखी तिसरे काही असते हे मला ठाऊक नव्हते.

मॅडम आल्या तेव्हा मजला काळवंडला होता. पॅनलच्या कडा फुगून एकमेकींना रेटत होत्या, काही ठिकाणी थर सुटले होते. मॅडम त्या ओल्या गोणपाटावरच बसल्या. सदूदादांना वाटले ऊन लागले, म्हणून ते त्यांना प्यायला पाणी घेऊन आले. "एक दिवस खाडा नाय केला, म्याडम," असेही म्हणाले. मॅडम रडत होत्या की हसत होत्या ते मला सांगता येत नाही.

नंतर शहा शेठ आले. ते बाजूला जाऊन फोनवर गुजरातीत बोलले. मिठागरातल्या गुजराती व्यापाऱ्यांमुळे मला ती भाषा कळते. "माणसाने जाणूनबुजून केले असे लिहून घेतो, तरच विमा मिळेल. अडाणीपणाने झाले तर काही नाही," असे ते म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे आले आणि मराठीत म्हणाले, "सदूकाका तर आपला घरचा माणूस." आवाज दोन्ही वेळेस सारखाच गोड होता. त्याच संध्याकाळी त्यांनी तक्रार दिली.

सदूदादांना आज सकाळपासून इथे बसवले आहे. त्यांनी पाणी मारल्याचे कबूल केले असे मला सांगण्यात आले. त्यात कबूल करण्यासारखे काय, हे ते मलाच विचारत होते. मी आत येताना त्यांनी माझा हात धरला व ते म्हणाले, "दया, ऊन चढलं. तिकडं आता पाणी कोण मारतंय?" त्यांच्या पत्नी सोनाबाई बाहेर डबा घेऊन बसल्या आहेत. त्याबद्दल मला काही विचारलेले नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना "सदू याने मुद्दाम पाणी मारले" असे ऐकू आले. मुद्दाम असे मी म्हटले नव्हते. हवालदार म्हणाले, "दयारामशेठ, आठवडाभर दोन्ही वेळा कोणी चुकून पाणी मारतं काय?" चुकून म्हणावे तर तेही खरे नाही. मी 'मुद्दाम'च्या जागी 'मनापासून' लिहा म्हणून सांगितले. असला शब्द जबाबात येत नाही, असे हवालदार म्हणाले. मी म्हणालो, "मंग हा जबाब माझा नाय." शब्द बदलला आहे. पुन्हा ऐकला, आता तो मी सांगितला तसा आहे.