तीन ओळींचा शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बस डेपोचे व्यवस्थापक साहेब. मुख्य कार्यालयातून वेळ काढून आलेल्या कामगार कल्याण अधिकारी मॅडम. व्यासपीठावरचे दोन्ही युनियनचे पदाधिकारी, ज्यांना एका रांगेत बसलेलं मी आज पहिल्यांदाच पाहतो आहे. आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या अभिलेख कक्षाच्या ताई. पहिल्या ओळीत बसलेले ताईंचे यजमान आणि त्यांच्या दोन्ही लेकी. आणि चालक, वाहक, मेकॅनिक, कार्यालयातल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मला बोलायला उभं केलं ते ब्रेक विभागाचा फोरमन म्हणून, आणि ताईंच्या खालोखाल इथला सगळ्यात जुना माणूस म्हणून. माझ्याआधी तिघेजण बोलले. ताई शांत, ताई मनमिळाऊ, ताईंनी कधी आवाज चढवला नाही. सगळं खरं आहे. पण ज्या खोलीत जुन्या फायलींशिवाय दुसरं कोणी नाही, तिथे माणूस आवाज चढवणार तरी कुणावर? त्या खोलीत ताई नऊ वर्षं होत्या. त्याआधीची सतरा वर्षं त्या स्टोअरला होत्या. ती सतरा वर्षं तिघांच्याही भाषणातून सुटली. बहुधा माझी लाज राखायला सुटली असावीत.

तुमच्यातल्या नव्या मंडळींना स्टोअरच्या ताई माहीत नाहीत. आज तुम्ही एखादं ऑइल सील मागायला जाता, तेव्हा कॉम्प्युटरवर नंबर शोधला जातो, मग शिडी शोधली जाते, मग शिडीवर चढणारा माणूस शोधला जातो. ताईंच्या काळात तुम्ही खराब झालेला भाग नुसता टेबलावर ठेवायचा. त्या तो हातात घ्यायच्या, उलटासुलटा करायच्या आणि म्हणायच्या, "मागच्या भिंतीला, खालून तिसरा कप्पा. आणि फोरमन, शेजारचं बेअरिंगही बघून घ्या, हे असं एका बाजूने उगाच झिजत नाही." बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. एकदा ब्रेक लायनरची एक खेप आली. कागदपत्रं चोख होती, मी सही करून मोकळा झालो होतो. ताईंनी एक लायनर अंगठ्याने दाबून पाहिला आणि सगळी खेप परत पाठवली. माझ्याशी त्या दिवशी त्यांचं कडाक्याचं वाजलं. महिन्याभराने कळलं की शेजारच्या डेपोत त्याच खेपेचे लायनर गाडीवर चढवले आणि आठ दिवसांत तडकले. मी ताईंना त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पण मनात ठेवलं. चांगल्या अर्थाने ठेवलं असं म्हणायला मला आवडलं असतं.

आता पुढचं जे सांगणार आहे, ते सांगायची परवानगी मी गेल्या आठवड्यात ताईंकडून घेतली आहे. हे आधी स्पष्ट करतो, कारण मागच्या वेळी मी ती घेतली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी ताईंनी एक अर्ज दिला. दर बुधवारी चार वाजता निघायची परवानगी हवी, तो वेळ सकाळी लवकर येऊन भरून देईन, असा. सोबत समुपदेशकांचं पत्र जोडलं होतं. स्टोअर तेव्हा माझ्या देखरेखीखाली होतं, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. माझं काम काय होतं? हो किंवा नाही लिहायचं, आणि फाईल बंद करायची.

मी ते पत्र खिशात घालून कँटीनमध्ये गेलो. टेबलावर उभं राहून वाचलं नाही, तेवढा मी सभ्य होतो. मी फक्त म्हणालो, "आपल्या स्टोअरला आता डोक्याचा मेकॅनिक लागलाय. दर बुधवारी सर्व्हिसिंग." किती हसले सगळे. तुमच्यापैकी जे तेव्हा होते, त्यांना आठवत असेल. नसेल आठवत तर तुमचं बरं आहे. दुसऱ्या दिवसापासून ताईंचं नावच "बुधवार" पडलं. "बुधवारकडून पाने आण रे." "आज बुधवारचा मूड कसाय?" ताई मान खाली घालून भाग काढून द्यायच्या, वहीत सही घ्यायच्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी आज इथे उभं राहायला लाज वाटली असती. पण महिन्याभराने मी ताईंच्या फायलीत तीन ओळींचा शेरा लिहिला. शब्द तोंडपाठ आहेत. "सदर कर्मचाऱ्याची मानसिक स्थिती स्थिर नसल्याचे दिसते. स्टोअरमधील साहित्य वाहनांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. त्यांना कमी जबाबदारीचे काम द्यावे." खाली माझी सही. ताईंच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, "उद्या काही झालं तर आपल्यावर येईल, साहेब." त्या सोमवारी ताईंनी चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. मी वर पाहिलं नाही.

अध्यक्ष महोदय, वेळेची मला कल्पना आहे. थोडं लांबणार आहे.

चार वर्षांपूर्वी आपली एक गाडी उताराच्या वळणावर भिंतीवर जाऊन आदळली. सकाळी तिचे ब्रेक मी पास केले होते. एका आजींचा पाय गेला. चौकशी झाली, ब्रेक उत्तम निघाले, चालकाचा डोळा लागला होता. मी सुटलो. पण काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून मला सही करवेना. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायची, तपासायची, खाली उतरायचं, पुन्हा तपासायची. चार वेळा, सात वेळा, अकरा वेळा. वाहक ओरडायचे, गाड्या तासतास उशिरा सुटायच्या. घरी पोचलो की वाटायचं, त्या अमुक गाडीचा नट राहिला. जेवणाच्या ताटावरून उठून परत यायचो. बायको म्हणाली, "तुम्ही कुणाला तरी दाखवा." मी तिच्यावर असा खेकसलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

दाखवायचं कुणाला? अशा डॉक्टरांकडे जाणारं माझ्या ओळखीत कोण होतं? एकच माणूस होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी अभिलेख कक्षात गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. एक खिडकी, तीही मागच्या भिंतीकडे उघडणारी. ताई फायलींना फीत बांधत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी हातातली गाठ पूर्ण केली आणि म्हणाल्या, "बसा."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते आज इथल्या प्रत्येकाने ऐकावं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी फॉर्म भरायला देतील. कारण विचारलंय तिथे काय लिहावं कळणार नाही. काहीही लिहा. समुपदेशक बाई विचारतील, तुम्ही बोलायचं. जे सांगायचं नाही ते सांगायचं नाही असं सरळ म्हणा, चालतं. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्यांना कुणालातरी कळवावं लागतं, ते त्या आधीच सांगतात. पन्नास मिनिटं असतात. औषध लागेल असं वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतील. त्या सल्ला देतील असं समजून जाऊ नका, मला तर पहिले दोन महिने त्याचाच राग यायचा. आणि नाहीच पटल्या तर दुसऱ्या शोधा. आपण चप्पलसुद्धा घालून बघतो."

मी विचारलं, "बरं कधी वाटतं?"

"आधी जास्त वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळेला जाऊच नये असं वाटेल. तेव्हा जा."

त्यांनी पत्ता लिहून दिला. मी तो घडी करून खिशात टाकला आणि दारापाशी वळून काय म्हणालो असेन? क्षमा करा म्हणालो? नाही. मी म्हणालो, "ताई, हे कुणाला कळायला नको."

ताई म्हणाल्या, "मी कुणाला सांगत नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी गेलो. फॉर्मवर "येण्याचे कारण" समोर "नियमित तपासणी" असं लिहिलं. प्रतीक्षा कक्षात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो, ते उलटं आहे हे समोरच्या आजोबांनी सांगितलं. आत गेलो तर दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक कुरकुरणारा पंखा. समुपदेशक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?" मी म्हणालो, "पंख्याच्या बुशला तेल हवंय." आणि खरं सांगतो, मी उठलो, पंखा बंद केला, जाळी काढली आणि पन्नासातली दहा मिनिटं तो दुरुस्त करत बसलो. बाईंनी मला अडवलं नाही. जाळी परत लावून मी खुर्चीत बसलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे काही राहिलंय असं वाटलं की तुम्हाला बसवत नाही का?" उरलेला वेळ मी रुमालात घालवला. वीस वर्षं ब्रेक तपासणारा माणूस.

दुसऱ्या वेळी घरी आलो तो आणखी चिडका होऊन. तिसऱ्या वेळी गेलो नाही. डेपोच्या फाटकाशी बसून राहिलो. ताईंचं वाक्य आठवलं, तरीही गेलो नाही. चौथ्या वेळी गेलो. बाईंनी कुठे होतात असं विचारलं नाही, आलात ते बरं झालं म्हणाल्या. मग त्यांनी गृहपाठ दिला. गाडी एकदाच तपासायची, सही करायची आणि फाटकापर्यंत चालत जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. मागे फिरायचं नाही. पहिल्या दिवशी मी दीड मिनिटात मागे फिरलो. दहा मिनिटं उभं राहायला मला अडीच महिने लागले. आज गाड्या वेळेवर सुटतात, त्याचं श्रेय माझ्या शिस्तीला देणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

त्या खोलीत मी सगळं बोललो. आजींबद्दल, बायकोबद्दल, झोपेबद्दल. तीन ओळींबद्दल मात्र आठ महिने बोललो नाही. शेवटी एकदा बोललो. बाईंनी विचारलं, "तो शेरा लिहिताना तुम्हाला कशाची भीती वाटत होती?" मी म्हणालो, भीती कसली, मी फोरमन होतो. आणि तिथल्या तिथे मला माझा थोरला भाऊ आठवला. तो स्वतःशी बोलायचा. घरी पाहुणे आले की आम्ही त्याला मागच्या खोलीत बसवायचो, बाहेरून कडी लावून. कडी लावायचं काम माझ्याकडे होतं. दादा बारा वर्षांपूर्वी गेला. ताईंना मी कुठे नेऊन बसवलं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझ्या भावाचं ओझं ताईंनी का उचलायचं?

त्यानंतरही मी तीन वर्षं गप्प राहिलो. शेरा मागे घेण्याचं पत्र गेल्या महिन्यात दिलं. साहेबांनी ते फायलीला लावलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ताईंची फाईल आज संध्याकाळी बंद होते. म्हणजे ते पत्र वाचायची वेळ कुणावर येणार नाही. स्टोअरची नऊ वर्षं त्यांना परत मिळणार नाहीत. ते माझ्या हातात होतं तेव्हा मी केलं नाही.

गेल्या आठवड्यात ताईंकडे गेलो आणि विचारलं, हे समारंभात बोलू का? त्या म्हणाल्या, "माझं तर सगळ्यांना तुम्हीच सांगून टाकलंय. तुमचं सांगणार असाल, तर माझंही सांगा." ही त्यांची पहिली अट. ती मी आत्ता पाळली. ताई त्या वेळी तिथे कशासाठी जात होत्या, हे मला आजही माहीत नाही आणि कुणी विचारू नये.

इथे बसलेल्यांपैकी कुणाला झोप लागत नसेल, हात थरथरत असेल, सही करवत नसेल, त्याने ब्रेक विभागात यावं. पत्ता माझ्याकडे आहे. दार लोटून घेऊ. कँटीनमध्ये कळेल ही भीती तुम्हाला वाटणार, ती भीती या डेपोत कुणी आणली ते तुम्ही आता ऐकलंच.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, चिठ्ठी पाठवून थांबवलं नाही, त्यांचे आभार. ताईंच्या यजमानांनी आणि लेकींनी हे सगळं समोर बसून ऐकून घेतलं, त्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. बोलण्याच्या ओघात कुणाला काही खटकलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं.

ही क्षमा मी सभागृहाकडे मागतो आहे, ताईंकडे नाही. ती त्यांची दुसरी अट होती. त्या म्हणाल्या, "व्यासपीठावरून माझी माफी मागू नका. मग मला सगळ्यांसमोर हो म्हणावं लागेल."

तेव्हा ताई, मी फक्त काय केलं ते सांगितलं. तुम्ही काही म्हणायला हवं असं नाही. मी खाली बसतो.