टेपचे हेड सरळ केल्याबाबत

पुरवणी जबाब, दिनांक १८ मे १९७३, पोलीस ठाणे, नगर

माझे नाव गहिनीनाथ पुंजाराम ढवण, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (यंत्रदुरुस्ती), राहणार माळीवाडा, नगर.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व दोन मुलांसह राहतो. पूर्वी रेडिओ दुरुस्तीचे काम करीत होतो. गेल्या वर्षापासून शहराबाहेरील एका वैद्यकीय संशोधन संस्थेत आहे. तेथे परदेशातील विद्यापीठाने वापरून झाल्यावर दिलेला जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर माहिती टेपच्या रिळांवर साठवतात. टेप चालवण्याची यंत्रे दोन आहेत, पैकी एक आल्यापासून बंद आहे. कॉम्प्युटरचे काम शामकांत नृसिंह रेखी, वय ४८, हे पाहत. सर्व जण त्यांना भाऊसाहेब म्हणतात.

या वर्षी जानेवारी ते मार्च संस्थेने पारनेर तालुक्यातील ४१ गावांत पाच वर्षांखालील ९६४० मुलांची वजने घेतली. दुष्काळामुळे ज्या मुलांचे वजन फारच घटले आहे त्यांची गाववार यादी काढून त्यांच्या घरी दुधाची भुकटी पोचवायची, असे ठरले होते. वजने घेऊन झाल्यावर सर्व माहिती टेपवर चढवली. एक मूळ रीळ व एक जादा प्रत, अशा सहा जोड्या झाल्या. भुकटी ठेवायला गोदाम हवे म्हणून संचालक डॉ. गर्गे यांनी गावांतून आलेले फॉर्म व कार्डे रद्दीत देण्यास सांगितले. भाऊसाहेब म्हणाले, "यादी निघेपर्यंत तरी राहू द्या." साहेब म्हणाले, "दोन-दोन प्रती आहेत ना? मग कागद कशाला?" फॉर्म व कार्डे ७ एप्रिल रोजी गेली.

टेपचे यंत्र नीट चालत नसे. दहा-बारा मिनिटांनी थांबे. भाऊसाहेब झाकण दाबून धरीत, मग चाले. १५ एप्रिलपासून ते मुलगी लीना हिच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर संगमनेरला गेले. १८ तारखेस साहेबांनी मला यंत्र दुरुस्त करण्यास सांगितले. तपासणीची टेप पुण्याहून आली होती.

मी झाकण उघडले. टेप ज्या भागाला घासून जाते आणि जो भाग तिच्यावर लिहितो व वाचतो, त्यास हेड म्हणतात. हेडच्या पट्टीखाली एस.टी.च्या तिकिटाची घडी घातलेली होती. मी ती काढून केरात टाकली. हेड तिरके होते. तपासणीची टेप नीट वाचली जाईपर्यंत दोन स्क्रू फिरवून ते सरळ केले. नंतर कोरी टेप लावली. ती न थांबता लिहिली गेली व वाचली गेली. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुरुस्तीनंतर जुन्या रिळांपैकी एक लावून पाहायला हवे होते. ते मी पाहिले नाही.

भाऊसाहेब २३ तारखेस सकाळी हजर झाले. मला लग्नाचा लाडू दिला व यादी काढायला बसले. पहिले रीळ वाचले जाईना. त्याची प्रत लावली, तीही वाचेना. दुपारपर्यंत बाराही रिळे लावून झाली. तिरक्या हेडने लिहिलेले तिरक्या हेडलाच वाचता येते, आणि प्रतीही त्याच हेडने लिहिल्या होत्या, हे मला त्या वेळी कळले. त्यांनी झाकण उघडून पाहिले आणि मला बोलावले.

ते म्हणाले, "गहिनीनाथ, इथं तिकिटाची घडी होती. दिसली का तुला?"

मी म्हणालो, "नाही, भाऊसाहेब. मी फक्त साफसफाई केली."

"स्क्रू किती फिरवलेस? रागावत नाही मी. किती ते सांग फक्त."

मी म्हणालो, "स्क्रूला हात लावला नाही."

ते बरे म्हणाले. पुढचे दोन दिवस ते नवी नवी तिकिटे घालून पाहत होते. स्क्रू हललेले असल्याने त्याचा उपयोग होणार नव्हता. मी त्याच खोलीत होतो. माझी नोकरी त्या वेळी तात्पुरती होती.

२५ तारखेस भुकटीचा टेम्पो यादीवाचून गेला. पारनेरच्या एका शाळेत जे आले त्यांना वाटप झाले. २६ तारखेस चार गावांत वजने घेतलेल्या राहीबाई आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचे फॉर्म दुसरे भरत. त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, "माज्या चार गावांतल्या वाळल्याल्या पोरांची नावं मला पाठ हायेत. तुमी लिवा, मी सांगते." भाऊसाहेबांनी ११२ नावे लिहून घेतली. बाकीचे वजन घेणारे हंगामी होते, ते कामाच्या शोधात कोठे कोठे गेले होते.

२७ तारखेस साहेबांनी फिर्याद दिली की, फॉर्म रद्दीत दिल्याच्या रागाने भाऊसाहेबांनी लोहचुंबक फिरवून टेपा पुसल्या. २८ तारखेस याच ठाण्यात माझा पहिला जबाब झाला. त्यात मी फक्त साफसफाई केली व रिळे भाऊसाहेबांच्या ताब्यात असत, असे सांगितले. त्या दिवशी भाऊसाहेबांना संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. मी त्यांच्या समोरून गेलो. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. १ मे रोजी मला कायम करण्यात आले.

११ मे रोजी राहीबाई फाटकावर आल्या. मला म्हणाल्या, "माज्या चार गावांत न्हाई ते, पर पिंपळदऱ्याची चार पोरं गेली. यादी कवा निगायची हाय?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग कुनाला माहीत हाय ते तरी सांगा. मी त्याला इचारते."  त्या बराच वेळ उभ्या राहून गेल्या.

१२ तारखेस मी भाऊसाहेबांच्या घरी सावेडीस गेलो. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई यांनी दार उघडले. मला ओळखूनही त्यांनी आत बसायला सांगितले व पाणी दिले. मी म्हणालो, "डावा स्क्रू पाऊण आटा, उजवा अर्धा. मी वहीत लिहून ठेवलं होतं."

भाऊसाहेबांनी विचारले, "वही आणलीस?"

मी होय म्हणालो. त्यांनी दुसरे काही विचारले नाही. मग स्वतःच म्हणाले, "पट्टी फेब्रुवारीत खचली. सांगितलं असतं तर सुटा भाग येईपर्यंत तीन महिने काम बंद. म्हणून घडी घातली. मीही कोणाला सांगितलं नाही, गहिनीनाथ." अंबिकाबाई उठून आत गेल्या.

रविवार १३ मे रोजी सकाळी माझ्या किल्लीने मी खोली उघडली व भाऊसाहेबांना आत घेतले. त्यांना आत येण्यास बंदी होती, हे मला माहीत होते. याला मी जबाबदार आहे, ते नाहीत. मी वहीप्रमाणे स्क्रू मागे फिरवले. त्यांनी घडी करून घातली, काढली, नखाने दाबून पुन्हा घातली. साडेअकराच्या सुमारास पहिले रीळ वाचले गेले. दर रिळाला हेड थोडे वेगळे तिरके करावे लागत होते. सायंकाळपर्यंत सहापैकी पाच जोड्यांतील माहिती वाचून झाली. सहाव्या जोडीचे मूळ व प्रत, दोन्ही रिळे इतक्या वेळा लावून काढल्याने ताणली गेली होती, ती वाचली नाहीत. त्यांवर सात गावांची माहिती होती. यादीत ६०४ नावे निघाली. टेपा पुसलेल्या नव्हत्या, हे त्यावरून दिसते. यादीची एक प्रत मी सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवली. उरलेली भुकटी मंगळवारी निघाली.

१६ मे रोजी मी रजा टाकून राहीबाईंबरोबर पिंपळदऱ्यास गेलो. यादी इंग्रजी अक्षरांत छापलेली असल्याने मी वाचत होतो व राहीबाई हाक मारीत होत्या. ज्यांची मुले गेली त्यांच्या नावावर मी रेघ ओढत होतो. तीन रेघा झाल्या. नंतर मी आसाराम, वय दोन वर्षे, असे वाचले. त्याची आई छबूबाई पुढे आली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असल्याने वाटपाच्या दिवशी पारनेरला गेली नव्हती. मुलगा ६ मे रोजी गेला, असे तिने सांगितले.

तिने विचारले, "यातलं कुटलं त्याचं?" मी बोट ठेवून दाखवले. तिने कागद हातात घेऊन पाहिला.

मी पेन काढले तेव्हा ती म्हणाली, "रेग नका वढू. त्याचं नाव दुसरीकडं कुटंच लिवलेलं न्हाई."

मी पेन खिशात ठेवले.

सदर यादी या जबाबासोबत हजर करीत आहे. पिंपळदरा गावातील सातव्या नावावर रेघ नाही. ती माझ्याकडून राहून गेली असे समजू नये, व ती कोणी ओढू नये.

माझा २८ एप्रिलचा जबाब खोटा आहे. हा जबाब मला ठाणे अंमलदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात लिहिले आहे, आणि ते खरे आहे.

समक्ष सही: ग. पुं. ढवण