शिमग्याची बोंब आणि गोदाक्काचं दार

मंडळी, ही समई बघा. मी बोलते तेव्हा ज्योत पलीकडे झुकते. थांबले – की सरळ! नुसत्या श्वासानं ज्योत हलते, मग शब्दानं माणूस हलणार नाही? आणि हलतो म्हणून बोलणंच बंद करायचं का? सांगा! – खांबाशी बसलेले काका मान डोलावताहेत. हो की नाही, ते त्यांनाच ठाऊक!

तर ऐका. कोकणातलं एक गाव. शिमग्याला होळीच्या होमाभोवती कुणाच्याही नावानं बोंब मारायची, आणि त्यानं रागवायचं नाही, ही तिथली रीत. सून सासूच्या नावानं बोंबलायची! हसताय काय? ही रीत इथं असती, तर निम्म्या बायकांचे घसे बसले असते!

एका शिमग्याला कुणीतरी ओरडलं – "गोदाक्का सुईण पोरं मारते रे!" गाव हसलं. गोदाक्काही हसली. होम विझला, राख कपाळाला लावून लोक घरी गेले – आणि ते वाक्यही बरोबर गेलं! पोटुश्या बायकांसाठी डोंगरापलीकडची सुईण येऊ लागली. गोदाक्काच्या दारावरची थाप थांबली. तिची चूल त्या थापेवर चालायची हो!

ओरडलं कोण? सगळ्यांना ठाऊक. गावचा निवाडा करणारे मानकरी, म्हणजे गावकर तात्या – त्यांचाच मुलगा, विश्राम. म्हणून गोदाक्का दाद मागायला गेली की तात्या वर्षभर म्हणत राहिले, "बघू. शिमग्याची पालखी येऊ दे, मग बघू."

शिमगा पुन्हा आला. सकाळी देवळात गाव जमलं. तरुण म्हणाले, "तात्या, बोंबच बंद करा!" तात्यांना बरंच वाटलं – बोंब बंद, म्हणजे मुलाचा प्रश्नही बंद!

तेवढ्यात गोदाक्का उठली. "बंद कशाला? देवळाची कौलं तुमच्या भावानं पळवली, ती कशी कळली? बोंबेनंच ना?"

हशा! तात्या ओशाळले. "मग तुझं काय, गोदाक्का?"

"मला भांडखोर म्हणा, काळी म्हणा, मी हसेन. पण पोरं मारते म्हणाल, तर कुठलं पोर ते सांगा!"

विश्राम पुटपुटला, "थट्टा होती ती."

"मग थट्टा होती, हे तितक्याच मोठ्यानं सांग ना, बाबा!"

मंडळी, मोबाईलवर आपण काहीबाही पुढे धाडतो, तेव्हा त्याच होमाभोवती उभे असतो. धाडताना गावभर! आणि खोटं निघालं की? गुपचूप पुसून टाकतो! हो ना?

तात्यांनी देवापुढे नारळ ठेवला. मुलाकडे वळले.

"बोंब राहील. पण विश्राम, आज पालखी दारोदार फिरेल, तेव्हा पुढं तू चालायचं. आणि प्रत्येक दारात, होमाजवळ लावलास तोच आवाज लावून सांगायचं – मी खोटं बोललो. पहिलं दार गोदाक्काचं!"