पडद्याला कडी नसते

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी कसली गं लाज तुला?" मला! अहो, ज्या घरातल्या संडासाला दार नाही, त्या घरातल्या मुलीला लाज कसली म्हणून विचारायचं असतं का? आणि घर तरी कुठं... बोट आहे ती! शिडाची बोट, भाटघर धरणाच्या पाण्यात नांगर टाकून उभी, आणि तिच्यात आई, पप्पा, बंडूकाका आणि मी. माझं नाव राजनंदिनी. राजाची लेक! आणि राजाच्या लेकीचं सिंहासन काय, तर प्लायवूडचं खोकं, त्याला वरून भोक आणि पुढून पडदा. दार नाही. पडदा!

तुम्हाला सांगते, मी मुळात बोलणारी मुलगी नाही. वर्गात 'हजर' म्हणते तेसुद्धा इतकं हळू, की पहिल्या बाकावर बसलेल्या मला बाईंनी दोनदा गैरहजर लावलंय, आणि मी तेही त्यांना सांगितलेलं नाही. अशी मुलगी आज तोंड उघडून बोलतेय, म्हणजे पाणी कुठवर आलं असेल बघा!

झालं काय, दिवाळीनंतर आमचं जुनं घर पाडलं, नवं बांधायला. पाया झाला आणि गवंडी बहिणीच्या लग्नाला म्हणून गावी गेला. बहुतेक सगळ्याच चुलत-मावस बहिणी उजवून येणार असावा, कारण अजून आलेला नाही. मग राहायचं कुठं? तर पुण्याचे एक म्हातारे साहेब आहेत, ही बोट त्यांची, आणि पप्पा तिची राखण करतात. साहेबांचे गुडघे गेले, आता त्यांना बोटीवर चढवत नाही. ते म्हणाले, "राहा की खुशाल. रिकामी सडण्यापेक्षा माणसं राहिलेली बरी. अट एकच... पाण्यात काही जाता कामा नये. पुढं लोक पितात हे पाणी." बरोबरच आहे! मी तर पहिली म्हणेन, बरोबर आहे. बोटीत आधी जो संडास होता त्याचा पंप मारला की सगळं थेट धरणात. तो साहेबांनी उपटूनच टाकलेला. म्हणून मग आमच्या पप्पांनी मोबाईलवर रात्रंदिवस शोधून काय काढलं... कंपोस्ट टॉयलेट!

एक दाढीवाला गोरा माणूस आहे, तो बायको, कुत्रा आणि कंपोस्ट टॉयलेट घेऊन शिडाच्या बोटीतून जगभर फिरतो. तो पंधरा दिवस आमच्याबरोबर जेवायला होता. म्हणजे मोबाईलमध्ये! आई पिठलं वाढतेय, आणि पप्पा ताटावरून समजावतायत, "हे बघा, पाणी लागत न्हाई, वास येत न्हाई. एकाच खोक्यात दोन वाटा. पिवळं फुडनं कॅनमध्ये, अन् दुसरं मागनं डब्यात." मीही पिवळं आणि दुसरंच म्हणणार, तुम्ही समजून घ्या. "दोन्ही एकत्र झालं की घाण. येगळं ठिवलं की सोनखत!" सोनखत! पिठल्याकडे बघत म्हणाले हो! मी तेव्हापासून पिठलं सोडलंय.

आता तयार वस्तू मागवायची तर परदेशातून यायला दोन महिने. बंडूकाका म्हणाले, "दोन म्हयनं दम धरायचा व्हय? म्या करतो की!" बंडूकाका मोटारी दुरुस्त करतात, म्हणजे पाण्याच्या मोटारी, आणि त्यामुळे जगात आपल्याला न येण्यासारखं काही नाही अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी रॉकेलचं नरसाळं कापून पिवळ्याची वाट केली, रंगाचा रिकामा डबा दुसऱ्याला दिला, वास बाहेर काढायला मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, आणि डबा ढवळायला हँडल कुठलं लावलं माहितीये? आमच्या भात उफणायच्या पंख्याचं! ज्या हँडलनं वर्षानुवर्षं इंद्रायणी उफणला, त्या हँडलनं आता... जाऊ दे!

मग भुसा कुठला वापरायचा यावर बैठक बसली. पप्पा म्हणाले नारळाचा, कारण गोरा नारळाचा वापरतो. बंडूकाका म्हणाले लाकडाचा. आई म्हणाली, "आमच्याकडं गुंजवण्याला चुलीतली राख टाकायचे," तर पप्पा म्हणाले, "तुझ्या म्हायेरची राख हितं कशाला?" मग आई रुसली, मग आईला मनवलं, मग भाताच्या गिरणीतून तूस आणायचं ठरलं. चांगले तीन दिवस! तुसावर तीन दिवस! आणि दारावर किती वेळ बोलले? आई म्हणाली, "अहो, दाराचं काय?" पप्पा म्हणाले, "दार उघडणार कुठं? भायेर उघडलं तर शेगडीवर, आत उघडलं तर गुडघ्यावर. अन् पायजे कशाला? परकं कोण हाय हितं? सगळी आपलीच माणसं!"

झालं. ठराव पास. सगळी आपलीच माणसं!

मला विचारलं का? पंधरा वर्षांची मुलगी आहे घरात, तिला विचारलं का? मुलींचे महिन्यातले चार दिवस कसे असतात ते मी इथं सांगणार नाही, सांगावं लागू नये, पण निदान तेवढं तरी त्या दाढीवाल्यानं सांगायचं होतं की नाही? विचारलं असतं तरी मी बोलले नसते ही गोष्ट वेगळी. पण विचारायचं तरी!

आणि पडदा कसला लावला? बोटीचं जुनं फाटकं शीड होतं, ते कापून लावलं! आता मला सांगा, शीड जन्माला कशासाठी येतं? वारा भरून घ्यायला! त्याला दुसरं काही येतच नाही! दुपार कलली की डोंगरावरून वारा सुटतो, वरच्या झडपेतून आत शिरतो, आणि पडदा फुगतो... असा फुगतो, असा फुगतो की बोट जागच्या जागी आणि पडदा निघाला दौऱ्यावर! मी एका हातानं पडदा धरते, दुसऱ्या हातानं तुसाचा मग, आणि हँडल फिरवायला देवानं तिसरा हात दिलेला नाही. त्यात शीड पांढरं. आतला दिवा लावला की बाहेरून सावली दिसते. सावली! हँडल फिरवणाऱ्या माणसाची सावली कशी दिसते ते मी बंडूकाकांची पाहिलीये. मी अंधारात बसते.

बंडूकाकांचं तर वेगळंच. या खोक्यावर गडीमाणसांनीही बसूनच... म्हणजे दोन्हीसाठी बसायचं, नाहीतर पिवळं वाट चुकतं. काका म्हणाले, "म्या न्हाई बसायचा! आमच्या खानदानात कुणी बसलं न्हाई!" पप्पा म्हणाले, "मग जा वल्हवत काठाला, खानदान घेऊन." पौषाची थंडी. दोन दिवस काका पहाटे उठून होडीनं काठाला गेले. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं बसले. खानदान काठावरच राहिलं.

आणि कडी? पडद्याला कडी नसते. मग आतल्या माणसानं खाकरायचं! आपल्याकडे पूर्वी टमरेल घेऊन झाडाआड बसलेलं माणूस, कुणी येताना दिसलं की खाकरायचं, तीच ही रीत, फक्त आता बोटीवर. आई म्हणते, "खाकर की, त्यात काय!" अहो, मला खाकरता येत नाही! मला सर्दी झाली तरी मी शाळेत खोकला गिळते. एकदा मात्र खरंच खोकला झाला, मी बाहेर, बोटीच्या टपावर बसून भूमितीचा अभ्यास करत खोकत होते, आणि पप्पा पडद्यासमोर पोट धरून पाऊण तास उभे! आत कुणीच नव्हतं! वर मलाच ओरडले, "भायेर बसून कशाला खोकती?" म्हणजे आता खोकायचीसुद्धा चोरी!

हे सगळं मी सोसलं. एक शब्द बोलले नाही. पण त्या रविवारी...

रविवारी सकाळी मी आत. आणि बंडूकाका काठावरून होडी भरून माणसं घेऊन आले. गावातल्या शेतकरी गटाची, सहा जणं! कशाला? संडास बघायला! कौतुक पसरलेलं ना सगळीकडे! पप्पा बाजारात, आई काठावर भांडी घासतेय, आणि काका बोटीवर चढून त्यांना सांगतायत, "या, डोकं संबाळा... आता ह्यो पंखा बघा, चोवीस तास चालू. आता तुमाला आतलं दाखवतो..." मी खाकरायला गेले. घशातून हवासुद्धा निघेना! पावलं जवळ आली. कुणीतरी म्हणतंय, "पडदा बाजूला घ्या की राव, नीट बघू द्या." आणि वाऱ्याचं टायमिंग बघा... एरवी दुपारी सुटणारा, त्या दिवशी सकाळीच सुटला, आणि त्याच क्षणी पडदा फुगायला लागला. मी दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा ओरडले...

"मी आत आहे!"

पाण्यावर आवाज किती लांब जातो तुम्हाला माहितीये? तो समोरच्या डोंगरावर गेला आणि परत आला. "आत आहे... आत आहे..." आणि पलीकडच्या काठावर म्हशी धुणारा एक माणूस, ज्याला मी ओळखत नाही, जो मला ओळखत नाही, तो तिथून ओरडला, "बरं बरं! बस निवांत!"

सोमवारी शाळेत मी पोचायच्या आधी ते पोचलं होतं. बाई हजेरी घेताना म्हणाल्या, "राजनंदिनी?" आणि मागच्या बाकावरून सगळे एका सुरात, "बाई, ती आत आहे!" माझी मैत्रीण प्रेरणा, सख्खी मैत्रीण, तीही हसली! तोंडावर वही धरून हसली, पण वही हलत होती ना!

मी घरी... बोटीवर आले. भांडले नाही. तोंड उघडत नाही तर भांडणार कशी? भूमितीच्या वहीचं पान फाडलं आणि दाराचं चित्र काढलं. सरकतं दार! शेगडीला लागत नाही, गुडघ्याला लागत नाही, भिंतीला लागून बाजूला सरकतं. मापं घातली, उंची, रुंदी, खालची खाच, आतून कडी. कडीला तर लाल पेनानं गोल केला. आणि पान पप्पांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. पप्पांनी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "डोकं हाय गं पोरीला! सोनबा सुताराला देतो."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! पंधरा दिवस मी नुसती दिवस मोजत होते.

आणि त्याच पंधरा दिवसांत साळूबाईंची वांगी वर आली.

साळूबाई म्हणजे काठावरच्या आमच्या शेजारीण. पिवळ्याचे भरलेले कॅन पप्पा काठावर चिंचेखाली ठेवतात, दहापट पाणी घालून आमच्याच रानात टाकायला. आणि शेतकरी गटाचे जीवामृताचे कॅनही त्याच चिंचेखाली येतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून कालवतात ते जीवामृत. कॅन सारखेच, झाकणं सारखीच, रंगही... सोडा! साळूबाई महिनाभर आमचेच कॅन नेत होत्या! त्यांच्या वांग्यांची पानं सुपाएवढी झाली. सगळ्या गावाला सांगत सुटल्या, "औंदाचं जीवामृत लई गुणाचं हाय बगा!" शेवटी पप्पांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया बया बया!" म्हणाल्या. थू थू केलं. दोन पावलं गेल्या. मग थांबल्या, मागं वळल्या आणि हळूच विचारलं, "मग... अजून हाय का?"

झालं! गावभर झालं! चिंचेखालून कॅन गायब व्हायला लागले. मग काठावर ज्या खोपटात डब्यातलं दुसरं वर्षभर मुरायला म्हणून ठेवलंय, तिथंही कुणीतरी फावडं घेऊन डोकावून गेलं. पप्पांची झोप उडाली. "आपल्या घरचं सोनखत, अन् लोक उचलून नेत्यात!"

आणि शनिवारी सोनबाकाका टेम्पोतून दार घेऊन आले. माझं दार! सरकतं, माझ्या चित्रातलं, खाच तशीच, कडी तशीच. मी एसटीतून उतरले ती दप्तरासकट पळत काठावर गेले. पाहते तर पप्पा, बंडूकाका आणि सोनबाकाका, तिघं मिळून दार बसवत होते...

खोपटाला!

खताला! खताला दार! पप्पा सरकवून दाखवतायत, "बघ, कसं बरोब्बर बसलंय! तुझंच डोकं!" त्या दिवशी मी आयुष्यात दुसऱ्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "पप्पा, इथं कशाला? इथंही सगळी आपलीच माणसं आहेत ना?" तर पप्पा काय म्हणाले माहितीये? गंभीर होऊन म्हणाले, "आपली असली म्हणून काय झालं? उघड्यावर ठिवायची चीज हाय का ही?"

आणि बाहेरून कोयंडा ठोकून, कुलूप लावून किल्ली माझ्याच हातात दिली. "तू ठेव. तू कुणाशी बोलत न्हाईस."

तेव्हापासून रोज शाळेतून आले की मी काठावर जाते, माझं दार सरकवून बघते, खत आहे का. असतं. कुठं जाणार आहे? बंद दाराआड, कडीकुलपात, अगदी निवांत. मी दार लावते, कुलूप दोनदा ओढून बघते आणि होडी वल्हवत बोटीवर येते. कालही आले. घाईनं आत गेले, तर... पडदासुद्धा नाही!

"आई! पडदा कुठाय?"

"अगं, धुवायला काढलाय. वाळेपर्यंत घे चालवून. खाकर म्हणजे झालं... सगळी आपलीच माणसं!"