आजाऱ्यांच्या यादीत घोषालबाबू

उषा: चहा राहू दे. आधी सांग, कागद वाचलास की नाही? बागबाजारहून इथे बराकपूरला मी तेवढ्यासाठी आलेय.

सुचित्रा: नाही वाचला, उषाताई.

उषा: झालं. एकवीस वर्षं पक्षासाठी उन्हातान्हात दारं वाजवलीस. आता कुठे नगरपालिकेचं तिकीट समोर आलं, तर चर्चमध्ये एक कागद वाचायला तुझं तोंड उघडेना.

सुचित्रा: उघडलं की. दुसरंच काही वाचलं.

उषा: नीट सांग बाई.

सुचित्रा: मी चर्चची सेक्रेटरी, रविवारी उपासनेत सूचना मीच वाचते. कोणाचं लग्न ठरलं, रक्तदान कधी आहे. पक्षाचे घोषालबाबू म्हणाले, त्यातच हे वाच, की इथली सगळी ख्रिस्ती मंडळी आपल्या पक्षाच्या पाठीशी आहे. खाली माझी सही. मी हो म्हणाले होते, ताई. सहीसुद्धा करून बसले होते.

उषा: मग माशी कुठे शिंकली?

सुचित्रा: वाचायला उभी राहिले आणि दुसऱ्या बाकावर दत्तबाबू दिसले. कट्टर विरोधी पक्षाचे, आमची पोस्टरं फाडणारे. पण माझे यजमान, अविनाश, गेले तेव्हा त्यांची शवपेटी खांद्यावर घ्यायला दत्तबाबूच सगळ्यांत आधी पुढे आले होते. आणि मी त्यांच्याही वतीने सांगणार, की आम्ही सगळे एका पक्षाचे? कागद घडी करून बायबलमध्ये ठेवला.

उषा: आणि गप्प खाली बसलीस.

सुचित्रा: बसले असते तर बरं झालं असतं. सूचनांनंतर आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते, ती नावंही मीच वाचते. मला वाटलं, निवडणुकीत कोणाचं डोकं फुटायला नको, तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांसाठीही प्रार्थना करू या. म्हणून त्यांची नावं त्यातच घातली. घोषालबाबूंचं नाव आलं पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आणि मोडलेल्या खुब्याच्या आधी.

उषा: अगं बाई.

सुचित्रा: दुपारपर्यंत चार जण मोसंबी घेऊन त्यांच्या घरी हजर. त्यांची बायको रडायलाच लागली, ह्यांनी माझ्यापासून कुठला आजार लपवला म्हणून.

उषा: हसवू नकोस, मी चिडलेय. पार्टी ऑफिसात तू ख्रिस्ती दीदी, चर्चमध्ये पार्टीवाली, आणि आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आलीस की बायका मला हळूच विचारतात, हिला प्रसाद चालतो का. कुठेतरी एक हक्काची खुर्ची मिळत होती. तीही घालवलीस.

सुचित्रा: पक्ष माझाच आहे, ताई. रेशनच्या रांगेत बायकांसाठी भांडायला मी तिथेच शिकले. मराठी तर मी आहेच, प्रसादही आवडीने खाते. पण चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी पक्षाची म्हणून जात नाही आणि दत्तबाबूही जात नाहीत. तिथे आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकतो. तेवढी जागा मला पक्षाला देता येईना.

(फोन वाजतो. सुचित्रा बराच वेळ ऐकते, बंगालीत दोन शब्द बोलते आणि ठेवते.)

उषा: घोषालबाबू?

सुचित्रा: हो. तिकीट नूपुर सेनला दिलं. म्हणाले, तुझा भरवसा धरता येत नाही. आणि त्याच दमात विचारलं, उद्या तिच्या प्रचाराला येशील ना.

उषा: काय माणूस आहे. तू काय म्हणालीस?

सुचित्रा: येते म्हणाले. मुलगी कामाची आहे.

उषा: इकडे बघ. रडतेस?

सुचित्रा: थोडंसं. मला हवं होतं हो तिकीट. खूप हवं होतं.

उषा: माहीत आहे मला. मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर कागद वाचला असता, कोणी नाही ऐकू आला म्हणालं असतं तर पुन्हा वाचला असता. तुझ्यापुढे मला लहान झाल्यासारखं वाटतंय, खरं सांगते.

सुचित्रा: काहीतरीच तुमचं.

उषा: उद्या निघायचं किती वाजता?

सुचित्रा: आठला. का?

उषा: आज राहते इथेच. तुझ्याबरोबर येते.

सुचित्रा: तुम्ही? ताई, तुम्ही आयुष्यभर आमच्या विरोधात मत देत आलात.

उषा: ते पुढेही देईन. उद्या मी फक्त तुझ्या शेजारून चालणार आहे.