सिनेटला माझं मत

अगो बायांनो, मत द्यायला गेले आणि नातीचीच पंचाईत करून बसले, हे तुम्हाला सांगितलं न्हाय का? माझी सायली विद्यापीठाच्या सिनेटला उभी होती. प्रचारात एकच बोलायची, "विद्यापीठात आमदारांची ढवळाढवळ नको. आपण निवडून दिलेली सिनेटच कारभार बघेल."

मतदानाच्या दिवशी मी मतदानाचं कार्ड घेऊन खारबाववरून रिक्षाने भिवंडीच्या कॉलेजात पोचले. दारातला साहेब म्हणाला, "आजी, इथे फक्त पदवीधरांचं मत. तुमचं शिक्षण?"

"शाळेची पायरी चढले न्हाय. पण आमदाराला मत देताना कुणी शिक्षण विचारलं न्हाय हो!"

सायली दारापाशीच उभी होती, आणि तिच्या विरोधात उभा असलेला पोरगापण तिथेच होता. तो ओरडला, "सायली, तुझी आजी तर आमदाराच्या पार्टीत गेली!" सगळी रांग हसली. पोरीचा चेहरा उतरला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुझी मतं घालवली काय गो मी?"

"न्हाय गं. पण तू बोललीस ते खरं हाय. आमदाराला तू मत देतेस, म्हणून त्याला जाब विचारू शकतेस, मला न्हाय."

"तुला तर मी रोज विचारते, जेवलीस का म्हणून."

ती डोळे पुसत हसली. मग पर्समधलं पेन काढून तिने माझ्या नखावर शाईची रेघ ओढली. "झालं तुझं मत. आता मलापण जाब विचार."

सायली निवडून आली, तरी मी त्या बोटाला पाणी लागू दिलं न्हाय. आठवडाभर भांडी सुनेने घासली.