टोपीखालचं कपाळ

फोटो स्टुडिओत माझ्या पुढे बहीण-भाऊ उभे होते. नुकत्याच गेलेल्या वडिलांचा फोटो मोठा करून घ्यायला आलेले.

स्टुडिओवाल्यानं पडद्यावर फोटो दाखवला. "टोपी काढून टाकली बघा. आता कसे दिसतात?"

"झकास! काय गं ताई?"

"बाबा वाटत नाहीत."

"अगं, जन्मभर विजेच्या खांबावर आणि सुट्टी मिळाली की डोंगरावर. टोपीशिवायचा फोटो आणायचा कुठून?"

"कपाळ चुकलंय."

"बाई, चेहऱ्याच्याच रंगाचं केलंय मी. एकसारखं."

"तेच तर. चेहरा उन्हानं काळा व्हायचा, कपाळ टोपीखाली गोरंच राहायचं. नात म्हणायची, आजोबा अर्धेच भाजलेत."

"आणि बाबा म्हणायचे, उरलेला रविवारी भाजून येतो."

"हसू नकोस. एकसारखे कधी झाले ते? सांग."

"ताई, जाऊ दे ना."

"सांग की."

"शेवटच्या आजारात, पलंगावर. खिडकीशी ठेवलं, तरी रंग उतरतच गेला."

"मग?"

भाऊ स्टुडिओवाल्याकडे वळला. "दादा, कपाळ गोरं करा. टोपीची रेघ नीट दिसू द्या."

"लोक म्हणतील, स्टुडिओवाल्याला रंग जमला नाही."

"म्हणू देत. नातीला ओळखू आले म्हणजे झालं."